मुंबईतील वास्तुशिक्षण : कार्यशाळेकडून विद्यापीठाकडे

मुंबईत १८५७ या एकाच वर्षी, साडेचार महिन्यांच्या अंतराने, दोन शिक्षणसंस्थांचा आरंभ झाला. २ मार्च रोजी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून निघालेल्या कलाशाळेचे वर्ग सुरू झाले आणि १८ जुलै रोजी मुंबई विद्यापीठाची कायद्याने स्थापना झाली. या दोन्ही संस्थांच्या जुन्या वास्तूंमधले अंतर पायी अर्ध्या तासाच्या आत कापता येते. पण इमारत रचण्याची विद्या एकीकडून दुसरीकडे पोहोचायला तब्बल ९५ वर्षे लागली. कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी यांना विद्यापीठाने आरंभापासून आपल्या शाखा मानले, वास्तुकला मात्र १९५२ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमांत आली. नगररचनेचा प्रवास याहून विलक्षण आहे, कारण तो विषय वास्तुकलेच्या तेहेतीस वर्षे आधी, समाजशास्त्राचे बोट धरून विद्यापीठात आला आणि थोड्याच काळात तिथून नाहीसा झाला. पर्यावरणाचा विचार सर्वांत शेवटी आला. इमारत, नगर आणि पर्यावरण ही एकाच प्रश्नाची तीन अंगे असताना ती तीन निरनिराळ्या काळी, तीन निरनिराळ्या दारांनी शिक्षणात शिरली. ही फारकत सरकारी खात्यांच्या आणि परीक्षांच्या सोयीतून झाली, आणि आजचे वास्तुशिक्षण तिचे परिणाम अजून भोगत आहे.

कलाशाळा निघण्यापूर्वी बांधकामाची विद्या अस्तित्वात नव्हती असे अर्थातच नाही. पाथरवट, गवंडी, सुतार आणि लोहार यांच्या घराण्यांतून ती हाताखालच्या उमेदवारीने पुढच्या पिढीकडे जात असे. ओळंबा, गुण्या आणि दोरी ही तिची साधने होती, आणि ‘खण’ म्हणजे दोन खांबांमधले अंतर हे तिचे मोजमाप होते. घर किती खणांचे, एवढे सांगितले की लाकूड किती लागेल आणि खर्च किती येईल हे जाणकाराला समजत असे. देशावरच्या वाड्यातील चौक घराच्या मध्यभागी उजेड आणत असे आणि तापलेल्या हवेला वर निघून जायला वाट देत असे. कमी पावसाच्या मुलखात मातीचे जाड माळवद दिवसभराचे ऊन अंगावर घेई, तर कोकणात जांभ्याच्या भिंतींवर कौलांचे उतरते छप्पर पावसाचे पाणी पडवीच्या पलीकडे टाकत असे. यातले काहीही पुस्तकात लिहिलेले नव्हते, पण म्हणून ते अडाणीपणाचे नव्हते. प्रदेशाचे हवामान, जवळपास मिळणारा माल आणि बांधणाऱ्याचा हात यांचा मेळ कसा घालावा याचे ते ज्ञान होते.

कंपनी सरकारला आणि नंतर राणीच्या सरकारला या ज्ञानाची शिक्षण म्हणून गरज वाटली नाही. रस्ते, पूल, कालवे आणि कचेऱ्या बांधणाऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालचे शिकलेले नोकर हवे होते, आणि त्यासाठी पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. पुढे त्याचेच महाविद्यालय होऊन ते विद्यापीठाला जोडले गेले. बांधकामाचा जो भाग गणिताने मोजता येतो तो अशा रीतीने विद्यापीठात गेला. इमारतीचे रूप, तिची मांडणी आणि तिच्यात राहणाऱ्यांची सोय हा उरलेला भाग कलाशाळेकडे आला, तोही लगेच आणि पूर्णपणे नाही.

जमशेटजींनी १८५३ मध्ये या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले त्यामागे कारागिरीची चिंता होती. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात भारतीय वस्तूंची वाखाणणी झाली होती आणि त्याच सुमारास गिरण्यांच्या मालापुढे देशी कारागीर हटत चालला होता. शाळेचे आरंभीचे वर्ग चित्रकलेचे होते. १८६५ मध्ये इंग्लंडहून जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक आले तेव्हा शाळेला कार्यशाळेचे रूप आले. किपलिंग हे इमारतींवरील शिल्पकाम शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारांवरील उठावाची शिल्पे त्यांच्या हातची आहेत. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या सजावटीसाठी याच शाळेतील विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली काम केले. त्या स्थानकावरील दगडी पाने, पक्षी आणि प्राणी पाहिले म्हणजे त्या मुलांच्या हातात काय बळ होते हे कळते. पण त्यांना शिकवले जात होते ते दुसऱ्याने आखलेल्या इमारतीवरचे नक्षीकाम. इमारत आखण्याचा अधिकार दुसरीकडे होता, आणि तो किती दूर असू शकतो याचे उदाहरण खुद्द विद्यापीठाची वास्तू आहे. राजाबाई मनोरा आणि दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून तयार केले आणि ते कधीही भारतात आले नाहीत.

तरीही शिकलेल्या भारतीयांचा एक वर्ग या काळात तयार होत होता. इंग्रज वास्तुरचनाकाराच्या कल्पनेचे मोजमापांसह नकाशे तयार करणारा आरेखक, ज्याला व्यवहारात ‘ड्राफ्ट्समन’ म्हणत, आणि कामाच्या जागेवर देखरेख करणारा सहायक अभियंता हे दोघे इमारत उभी करण्याचे खरे काम पेलत होते. सीताराम खंडेराव वैद्य हे त्यांतले ठळक नाव. १९०३ मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलचा मूळ आराखडा त्यांचा आणि डी. एन. मिर्झा यांचा होता. वैद्यांच्या मृत्यूनंतर ते काम एका इंग्रज वास्तुरचनाकाराने पुरे केले. अशा माणसांची संख्या थोडी होती आणि त्यांची नावे कोनशिलांवर क्वचितच आली, पण वास्तुकलेचा स्वतंत्र अभ्यासक्रम हवा ही मागणी त्यांच्या अस्तित्वातूनच उभी राहिली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कलाशाळेत आरेखकांसाठी वर्ग निघाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्याचा विस्तार होऊन वास्तुकलेचा कित्येक वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम झाला. या घडणीत सरकारचे सल्लागार वास्तुरचनाकार जॉन बेग आणि त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज विटेट यांचा वाटा मोठा होता. बेग यांनी मुंबईच्या मुख्य टपाल कचेरीला विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट दिला, आणि विटेट यांनी प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात आणि गेटवे ऑफ इंडियात गुजरातच्या व दख्खनच्या जुन्या इमारतींचे विशेष वापरले. १० मे १९१७ रोजी कलाशाळेच्या वास्तुविभागातील माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एक संघटना स्थापन केली. विटेट तिचे पहिले अध्यक्ष झाले आणि विभागप्रमुख आर. डब्ल्यू. केबल उपाध्यक्ष. १९२२ मध्ये ती बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली, १९२५ मध्ये ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या राजसंस्थेशी जोडली गेली आणि २ सप्टेंबर १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या नावाने अखिल भारतीय बनली. देशभरच्या वास्तुरचनाकारांची शिखरसंस्था एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारली ही गोष्ट मुंबईबाहेर फारशी सांगितली जात नाही.

या शाळेच्या इतिहासात क्लॉड बॅटली यांचे स्थान सर्वांहून वेगळे आहे. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे वास्तुविभागाची धुरा त्यांच्याकडे होती, आणि त्याच काळात ग्रेगसन, बॅटली आणि किंग या पेढीचे भागीदार म्हणून ते मोठमोठी कामेही करत होते. १९३० चे मुंबई सेंट्रल स्थानक हे त्यांचेच. शिक्षक म्हणून त्यांनी जो आग्रह धरला तो जुन्या भारतीय इमारतींच्या मोजणीचा. यात विद्यार्थ्यांचा गट एखाद्या जुन्या वास्तूत जाऊन जोत्यापासून कळसापर्यंत तिची मापे घेतो. फीत एका टोकाला धरणारा, दुसऱ्या टोकाला वाचणारा आणि वहीत टिपणारा अशी कामाची वाटणी असते. ओळंबा सोडून भिंत किती कलली आहे ते पाहिले जाते. कमानीच्या दगडांची संख्या मोजली जाते. छज्जा भिंतीपासून किती पुढे आला आहे आणि त्याची सावली कुठवर पडते याची नोंद होते. मग वर्गात परतल्यावर ती मापे ठरावीक प्रमाणात कागदावर उतरवून तलविन्यास, म्हणजे वरून पाहिलेला आडवा छेद, दर्शनी रूप आणि उभा छेद अशी रेखाटने तयार होतात. मापे चुकली तर उभा छेद जुळत नाही आणि परत जावे लागते. या परत जाण्यातच शिक्षण होते. पाहणाऱ्याने जे गृहीत धरले होते आणि बांधणाऱ्याने जे केले होते त्यांतला फरक विद्यार्थ्याला तिथे सापडत असे, आणि जिन्याच्या पायरीची उंची किंवा खिडकीच्या तावदानाची रुंदी बांधणाऱ्याने कशासाठी तेवढीच ठेवली असेल हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राही.

भारतीय वास्तुरचनेच्या विकासावरील बॅटली यांचा रेखाचित्रसंग्रह १९३४ मध्ये पुस्तकरूपाने निघाला, आणि तो कित्येक दशके वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या मेजावर होता. त्या संग्रहाकडे पुष्कळदा नक्षीच्या नमुन्यांचे पुस्तक म्हणून पाहिले गेले आहे, आणि बॅटली जुन्याचे पक्षपाती होते असा ठपका त्यांच्यावर आला आहे. तो ठपका अपुऱ्या वाचनातून आला असे म्हणणे भाग आहे. घराला व्हरांडा हवा, भिंतीवर थेट ऊन येता कामा नये, वारा खोलीच्या आरपार गेला पाहिजे, हे त्यांचे आग्रह शैलीचे नव्हते. आज ‘हवामानानुकूल रचना’ म्हणून ज्याचे स्वतंत्र अभ्यासक्रम निघाले आहेत त्याचा पाया हाच आहे. बॅटली निवृत्तीनंतरही मुंबईतच राहिले आणि १९५६ मध्ये इथेच वारले.

त्यांच्याच कारकिर्दीत शाळेबाहेरचे शहर वेगाने पालटत होते. सिमेंटच्या वेगवेगळ्या कंपन्या १९३६ मध्ये एकत्र येऊन ए. सी. सी. स्थापन झाली, सिमेंटचा प्रचार घरोघर पोहोचला आणि चुन्याची घाणी मागे पडली. बॅकबे भरावावर आणि ओव्हल मैदानाच्या कडेला सलोह काँक्रीटच्या, म्हणजे आत लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यावरच्या गोलाकार सज्ज्यांच्या इमारती उठल्या. त्यांतल्या कित्येक गजानन बाबूराव म्हात्रे यांच्यासारख्या जे. जे.तून, म्हणजे जमशेटजी जीजीभाईंच्या नावाच्या याच कलाशाळेतून, शिकलेल्या वास्तुरचनाकारांच्या होत्या, आणि त्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पेरीन मिस्त्री यांनी याच दशकात इथली पदविका मिळवली. त्या भारतात वास्तुकलेचे शिक्षण पुरे केलेल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. १९३७ मध्ये टाउन हॉलमध्ये भरलेल्या आदर्श गृह प्रदर्शनाने नव्या धाटणीची बैठकखोली आणि न्हाणीघर मध्यमवर्गाला दाखवले, तर पुण्याचे अभियंते आर. एस. देशपांडे यांच्या घरबांधणीवरील पुस्तकांनी ती कल्पना लहान गावांतल्या वकील, डॉक्टर आणि शिक्षकांपर्यंत नेली. या सगळ्या उत्साहात गवंडी आणि सुतार मात्र शिक्षणाच्या परिघाबाहेरच राहिले. प्रवेशासाठी इंग्रजी आणि मॅट्रिकची अट असल्यामुळे ज्या घराण्यांकडे बांधकामाचे ज्ञान होते त्यांची मुले सहसा या वर्गात येऊ शकली नाहीत, आणि ज्यांना प्रवेश मिळाला त्यांतल्या बहुतेकांनी थापी कधी हातात धरलेली नव्हती. ‘मिस्त्री’ आणि ‘आर्किटेक्ट’ हे दोन शब्द मराठीत दोन समाजस्तर दाखवतात त्याचे मूळ इथे आहे.

नगररचनेची कथा यापासून निराळी सुरू होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, दाट वस्त्या हा सरकारच्या धास्तीचा विषय झाला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हा त्या ट्रस्टचा आरंभीचा मार्ग होता. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला. त्यातील ‘नगररचना योजना’ म्हणजे अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढायच्या आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे भूखंड त्याच मालकांना वाटून द्यायचे. सक्तीने जमीन न घेता शहर वाढवण्याची ही युक्ती शंभर वर्षांनंतरही वापरात आहे. पण ती मुख्यतः जमीनमोजणी आणि मूल्यांकन यांची विद्या होती, आणि सरकारी खात्याच्या नावातही नगररचना व मूल्यनिर्धारण ही जोडी कायमची बसली.

याच सुमारास, १९१४ मध्ये, साठ वर्षांचे पॅट्रिक गेडेस भारतात आले. त्यांचे शिक्षण जीवशास्त्राचे होते, आणि शहराकडे ते प्राणिशास्त्रज्ञ एखाद्या सजीवाकडे पाहतो तसे पाहत. सोबत आणायचे नगरप्रदर्शनाचे नकाशे आणि चित्रे घेऊन निघालेले जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेच्या तडाख्यात सापडून बुडाले, तेव्हा मित्रांनी दुसरा संच जमवून पाठवला आणि त्यावर त्यांनी देशभर प्रदर्शने भरवली. आधी पाहणी, मग निदान आणि शेवटी उपचार हा त्यांचा क्रम होता. दाट वस्तीतून सरळ रस्ता काढण्यासाठी घरांची रांगच्या रांग पाडण्याऐवजी, पायी हिंडून कोणते घर मोडकळीला आले आहे, कोणत्या पडक्या जागेवर अंगण करता येईल, कोणत्या विहिरीची डागडुजी पुरेल हे घरोघर पाहावे आणि जेवढे अटळ तेवढेच काढावे, या पद्धतीला त्यांनी जपणुकीची शस्त्रक्रिया असे नाव दिले होते. स्थळ, काम आणि लोक ही तीन अंगे एकमेकांपासून तोडून शहर समजत नाही हा त्यांचा मूळ सिद्धान्त.

त्यांच्या भारतातील कामांपैकी होळकरांच्या इंदूरमधले काम विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९१८ मध्ये दोन खंडांत निघालेल्या त्या अहवालात पिण्याचे पाणी, नदीचे काठ, मैला, बागा आणि गिरणीकामगारांची घरे यांच्याबरोबरच मध्य भारतासाठी एका विद्यापीठाची कल्पनाही आहे. शहरात प्लेगची भीती पसरली असताना त्यांनी दिवाळीची एक मोठी मिरवणूक योजली आणि ती ज्या भागांत घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ झाले असतील तिथून जाईल असे जाहीर केले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची भली मोठी प्रतिमा होती. त्या काही आठवड्यांत इंदूरकरांनी गाड्यांच्या गाड्या भरून केर बाहेर काढला. आरोग्यखात्याच्या हुकमाने जे झाले नव्हते ते सणाने झाले, आणि नगररचना ही लोकांच्या चालीरीतींत मुरलेली असावी लागते हे या प्रसंगाने जेवढे स्पष्ट केले तेवढे एखाद्या ग्रंथानेही क्वचितच केले असेल.

मुंबई विद्यापीठाने १९१९ मध्ये समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांचा विभाग काढून गेडेस यांना प्राध्यापक नेमले. इथे ‘नागरिकशास्त्र’ म्हणजे शाळेत शिकवतात तो हक्क-कर्तव्यांचा पाठ नाही. शहर या वस्तूचा सर्वांगीण अभ्यास असा त्यांचा अर्थ होता. भारतीय विद्यापीठात नगराचा विचार अशा रीतीने प्रथम शिरला. पण गेडेस १९२४ पर्यंतच राहिले, आणि त्यांतलाही बराच काळ त्यांचा पाय दौऱ्यांवर असे. त्यांनी निवडून विलायतेला धाडलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये परत येऊन विभागप्रमुख झाले आणि भारतीय समाजशास्त्राचा पाया त्यांनी घातला. घुर्ये यांचे लक्ष जात, कुटुंब, आदिवासी समाज आणि धर्मसंस्था यांकडे होते, आणि त्या दिशेने त्यांनी केलेले काम इतके मोठे आहे की त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि, त्या विभागातून शहर पाहणारी नजर ओसरली हे खरे. मुंबई विद्यापीठात १९२० च्या सुमारास शहराचा अध्यापक होता, कलाशाळेत इमारतीचे अध्यापक होते, दोघांमध्ये दोन कोसांचेही अंतर नव्हते आणि तरी एकाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याकडे शिकावे अशी व्यवस्था कुणी केली नाही. मुंबईच्या वास्तुशिक्षणातली सर्वांत मोठी हुकलेली संधी ती हीच.

स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी विद्यापीठाने वास्तुकलेची पदवी मान्य केली आणि १९५८ मध्ये कलाशाळेचे तीन तुकडे होऊन कला, वास्तुकला आणि उपयोजित कला अशा तीन स्वतंत्र संस्था एकाच आवारात उभ्या राहिल्या. पदवीमुळे प्रतिष्ठा आली, पदव्युत्तर शिक्षणाची वाट खुली झाली आणि सरकारी नोकरीत वास्तुरचनाकाराला अभियंत्याच्या शेजारी बसता आले. हे लाभ खरे आहेत. पण त्याबरोबर विद्यापीठाची परीक्षापद्धतीही आली. बांधकाम, रचनाशास्त्र, इतिहास, जलनिःसारण असे विषय गुणांच्या चौकटीत वाटले गेले, आणि चित्रकार व शिल्पकार यांच्या सान्निध्यात वाढणारा विद्यार्थी त्यांच्यापासून भिंतीने तुटला.

नगररचनेने आपले घर दिल्लीत शोधले. तिथे १९५५ मध्ये नगर व ग्रामनियोजनाची शाळा निघाली आणि १९५९ मध्ये ती वास्तुकलेच्या विभागाशी जोडून स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर झाली. म्हणजे मुंबईत जे जुळले नाही ते राजधानीत एका छपराखाली आले. अहमदाबादेतील प्रयोग त्याहून खोल होता आणि त्याची नाळ पुन्हा जे. जे.शी जुळते. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी १९४७ मध्ये जे. जे.त आले, तिथून पॅरिसला वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेले आणि परतल्यावर त्यांनी १९६२ मध्ये अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा काढली. १९७२ मध्ये तिथे नियोजनाची शाळा निघाली, आणि ही सर्व केंद्रे मिळून जी संस्था झाली तिच्या नावातच पर्यावरणीय नियोजन हे शब्द आले. बंद वर्गखोल्यांऐवजी झाडाखाली आणि जिन्यावर शिकता यावे अशी तिथली इमारत आहे. त्यांच्याआधी जे. जे.तून निघालेले, आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डमध्ये वास्तुरचनाकार ग्रोपियस यांच्याकडे शिकून आले होते आणि कानपूरच्या आय. आय. टी.चे आवार रचताना त्यांनी उत्तरेच्या उन्हाला तोंड देणाऱ्या सावलीच्या वाटा आखल्या.

हवामानाचे शास्त्र म्हणून वास्तुशिक्षणात जे आले त्याचा एक धागा भारतातूनच निघतो. जर्मनीतून परागंदा झालेले ऑटो कोनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानचे वास्तुरचनाकार झाले, स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते, आणि पुढे लंडनला जाऊन त्यांनी उष्ण प्रदेशांतील वास्तुरचनेचा विभाग चालवला. तिथे घडलेल्या अभ्यासपद्धतीत तापमान, आर्द्रता, पाऊस आणि वारा यांच्या महिनेवार नोंदी कोष्टकात भरून त्यावरून इमारतीची दिशा, खिडक्यांचा आकार आणि भिंतींची जाडी काढली जाते. मुंबईसारख्या दमट किनाऱ्यावर दिवसाचे आणि रात्रीचे तापमान जवळजवळ सारखे असते, म्हणून जाड भिंतीचा फारसा उपयोग नसतो आणि आरपार वारा हाच खरा दिलासा असतो. नागपुरात उन्हाळ्याची दुपार आणि पहाट यांत मोठा फरक पडतो, म्हणून जाड भिंत दुपारची उष्णता शोषून ती उशिरा आत सोडते आणि तोवर बाहेर गार झालेले असते. यालाच उष्णता-विलंब म्हणतात. माळवद बांधणाऱ्या गवंड्याला हे ठाऊक होते. ते लंडनहून आकडेवारीसह परत आले तेव्हा कुठे परीक्षेचा विषय झाले.

पुढचा काळ विस्ताराचा आहे आणि त्याचा तपशील इथे थोडक्यात पुरे. १९७२ च्या वास्तुरचनाकार कायद्याने व्यवसायाला नोंदणी आली आणि अभ्यासक्रमाची किमान मानके १९८३ मध्ये ठरली. गोव्यात १९८२ मध्ये वास्तुकला महाविद्यालय निघाले. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याने विकास आराखड्याआधी विद्यमान जमीनवापराची पाहणी सक्तीची केली. गेडेस यांच्या पाहणीचा हा दूरचा वारस असला तरी घरोघर फिरणारी ती पाहणी इथे रंगांच्या नकाशापुरती आक्रसली आहे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि २००६ ची अधिसूचना यांमुळे २०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणीय मंजुरी लागू लागली, राष्ट्रीय इमारत संहितेत शाश्वततेचा स्वतंत्र भाग आला, आणि या विषयात शिकलेल्या माणसांना नोकऱ्या निर्माण झाल्यावर पर्यावरणीय वास्तुकलेचे पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले. त्यांत संगणकावर सूर्याचा मार्ग रेखाटता येतो, वाऱ्याचा प्रवाह पाहता येतो आणि मालातील अंतर्भूत ऊर्जा, म्हणजे वीट किंवा सिमेंट तयार करून जागेवर आणेपर्यंत खर्च झालेली ऊर्जा, मोजता येते. साधने उत्तम आहेत. मात्र पहिल्या वर्षापासून प्रत्येक रेखाटनात असायला हवा तो विचार पाच वर्षांनंतर घ्यायच्या निराळ्या पदवीत ठेवला गेला आहे, आणि पदवीच्या वर्गात तो बहुतेक ठिकाणी एका प्रश्नपत्रिकेपुरता उरतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने जे. जे.च्या तिन्ही संस्थांना मिळून अभिमत विद्यापीठाचा दर्जा दिला. १९५८ मध्ये पडलेल्या भिंती ६५ वर्षांनी कागदावर तरी उतरल्या आणि १८५७ ची कलाशाळा स्वतःच विद्यापीठ झाली. आता अभ्यासक्रम ठरवण्याची मोकळीक त्या आवारातच आहे. बॅटली यांच्या काळची मोजणी पहिल्या वर्षाला सक्तीची करावी आणि ती देवळांपुरती न ठेवता चाळी, कोळीवाडे, गिरणगाव आणि नव्याने वसणारी उपनगरे यांची करावी. नगर शिकवणाऱ्याला आणि हवामान शिकवणाऱ्याला एकाच रचनावर्गात बसवावे. आणि वर्षाचे काही आठवडे तरी विद्यार्थ्याने गवंड्याच्या व सुताराच्या हाताखाली काढावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही.